अरेका पाम का बिघडतं? बेट करणाऱ्या पामच्या बाबतीत या चुका टाळा

पहिली चूक नर्सरीतच होते. झुपकेदार कुंडी दिसली की आपण धरून चालतो की हे बेट करणारं, म्हणजे एकाच बुडातून अनेक खोडं काढणारं पाम आहे. ख्रिसमस पामची दोन-तीन रोपं एकाच कुंडीत दाबून लावलेली असतात, ती वाढली की कळतं की प्रत्येकाचं खोड एकटंच आहे आणि फुटवा काही येणार नाही. म्हणून घेताना बुडाची माती बोटाने बाजूला करून बघा, खरा फुटवा जुन्या खोडाच्या बुडातूनच निघतो, केळीच्या पिलासारखा.

बेट करणारी पामं ओळखायची कशी? अरेकाचे देठ पिवळे, त्यावर बारीक काळे ठिपके. ते ठिपके बऱ्याचदा झाडाचेच असतात, कीड समजून फवारे मारत बसू नका, नखाने खरवडून बघा, खवल्यासारखं काही निघालं तरच कीड. मॅकार्थर पामच्या पात्या टोकाला कुरतडल्यासारख्या. रॅफिस पामचं पान हाताच्या पंज्यासारखं, खोडावर काथ्यासारखे धागे. फिशटेल पामची पाती माशाच्या शेपटीसारखी, पण आपल्याकडचा भेरली माडही तसाच दिसतो आणि तो एकाच खोडाचा, प्रचंड वाढणारा, त्यामुळे लहान अंगणात लावण्याआधी खात्री करा.

आता सगळ्यात मोठी चूक, शेंडा छाटणं. आमच्याकडे माळ्याने मेंदीचं कुंपण कापावं तशी अरेकाची सहा खोडं एका रेषेत कापली, सहाही वाळली, बुडाला दोन कोवळे फुटवे होते म्हणून बेट तेवढं वाचलं. पामच्या प्रत्येक खोडाला वाढणारा कोंब एकच असतो, शेंड्यात, तो गेला की त्या खोडाला बाजूने फांदी फुटत नाही. उंची नकोच असेल तर सगळ्यात उंच खोड जमिनीलगत कापा, बाकीच्यांना हात लावू नका. फिशटेलचं एखादं खोड वरून खाली फुलत येतं आणि मग मरतं, तो रोग नाही, तेवढंच खोड काढा, अख्खं बेट उपटू नका. आणि त्याची फळं उघड्या हाताने गोळा करू नका, भयंकर खाज सुटते.

पिवळेपणाचं म्हणाल तर उन्हातल्या अरेकाचे देठ पिवळे होणारच, त्यात बिघडलेलं काही नाही. जुन्या झावळ्यांवर नारिंगी ठिपके आणि टोकं करपलेली असतील तर बहुतेक पोटॅश कमी आहे, आणि अशी अर्धी पिवळी झावळी लोक लगेच कापतात, कृपया कापू नका, झाड तिच्यातलंच पोटॅश काढून नव्या पानाला देत असतं, पूर्ण वाळली की मग कापा. जुन्या पानाची कड पिवळी आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी, तिथे एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) चालतं, पण प्रत्येक पिवळेपणावर तेच टाकून उपयोग नाही. नवीन पानंच फिकट येत असतील तर खताच्या आधी मुळं बघा, काळ्या मातीत पाणी तुंबतं किंवा रोप खोल गाडलेलं असतं, अशा मुळांना लोह घेता येत नाही. रोप कुंडीत जेवढं मातीत होतं तेवढंच जमिनीत ठेवा.

सावलीच्या जाळीखालचं रोप आणल्या आणल्या एप्रिलच्या उन्हात ठेवलंत तर पानं भाजणारच, आधी 2-3 आठवडे सकाळच्या उन्हात ठेवून सवय लावा.

बेट फोडून वाटायचं असेल तर रॅफिस सोपं, जमिनीखालून पसरतं, मुळांसकट तुकडा निघतो. अरेकाचा फुटवा काढताना त्याला स्वतःची मुळं आलीत का ते आधी बघा, नसतील तर राहू द्या, आणि असतील तरी हे काम पाऊस नीट सुरू झाल्यावरच करा.