ध्रुवतारा नसलेल्या आकाशाखाली

झांबियातील साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात जून-जुलैमध्ये पायी सफारीला जाणाऱ्यांनी ताऱ्यांवरून दिशा ओळखणे आवर्जून शिकावे, कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेला आपला भरवशाचा ध्रुवतारा दिसतच नाही. तेथे रात्र पडल्यावर त्रिशंकूचा क्रूस (चार ठळक ताऱ्यांचा क्रूसाच्या आकाराचा तारकासमूह, ‘सदर्न क्रॉस’) शोधावा, त्याच्या लांब दांड्याची रेषा पायथ्याच्या ताऱ्यापलीकडे त्याच लांबीच्या साधारण साडेचार पट वाढवावी आणि त्या बिंदूपासून सरळ खाली क्षितिजावर यावे, तीच दक्षिण. आभासी क्रूस, म्हणजे त्रिशंकूसारखाच दिसणारा दुसऱ्या ताऱ्यांचा क्रूस, नवख्यांना हमखास फसवतो, म्हणून खऱ्या त्रिशंकूशेजारचे नरतुरंग तारकासमूहातील दोन तेजस्वी तारे पाहूनच खात्री करावी. हा सराव वाटाड्याच्या सोबतीने तळावरच करावा, अंधारात एकट्याने बाहेर पडू नये. मे महिन्यात कोकण किनाऱ्यावरूनही त्रिशंकू दक्षिण क्षितिजालगत दिसतो.