सांगली-साताऱ्याकडे पहिली नेमणूक झालेल्या नव्या फादरांसाठी

गुरुदीक्षा झाली, पहिली मिस्सा झाली, गावात सत्कार झाला आणि महागुरूंच्या (बिशपांच्या) पत्रात सांगली किंवा सातारा निघालं. अभिनंदन. आता थोडं घाबरा.

पुणे धर्मप्रांत १८८६ सालचा आणि हे दोन्ही जिल्हे त्यातच येतात, पण वसईतून किंवा पुण्याच्या कॅम्पातून आलेल्याला इथे आपण कॅथलिक किती थोडे आहोत तेच आधी जाणवतं. इथे ‘ख्रिश्चन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचं) देऊळ येतं, नाहीतर मिरजेचा मिशन दवाखाना. डॉ. वॉन्लेस यांनी तो १८९४ साली उभा केला, तेव्हापासून निम्म्या कर्नाटकाचे रुग्ण मिरजेत उतरतात. सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशन होतं, साताऱ्या-वाईकडे अमेरिकन मराठी मिशन. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट मंडळ्या १९२४ मध्ये एकत्र आल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस मिळून सीएनआय झालं. आपण सेमिनरीत ऐक्याचा विषय शिकतो तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या २१ नोव्हेंबर १९६४ च्या फर्मानावरून, पेपरात सोडवतो आणि विसरतो. शेजारच्या पाळकाच्या, म्हणजे सीएनआयच्या धर्मगुरूच्या, आज्यानं तो करून दाखवलेला असतो. भेटायला जाताना एवढं डोक्यात ठेवा, आपोआप आवाज खाली येईल.

आता मूळ मुद्दा. मी जिथे अडकलो आणि तुम्हीही अडकणार, ती जागा म्हणजे मिश्रविवाह. मुलगा आपला, मुलगी सीएनआयची. दोन्ही घरं राजी, हॉल ठरलेला, पत्रिका छापायला गेलेली. तुम्ही मुलीचा बाप्तिस्म्याचा दाखला मागता. तो नसतो. घर बदललं, पुराचं पाणी घरात शिरलं, कारण काहीही असू द्या. लगेच कोणीतरी शहाणा सल्ला देतो, ‘फादर, पुन्हा पाणी घाला ना, काम सोपं होईल.’ माझ्या वेळी हा सल्ला चर्च कमिटीतूनही आला आणि एका वडीलधाऱ्या फादरांकडूनही. ‘करून टाक’ हे त्यांचे शब्द.

करू नका. बाप्तिस्मा एकदाच होतो. पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने सीएनआयच्या पाळकाने दिलेला बाप्तिस्मा आपल्या चर्चला पूर्ण मान्य आहे. आपल्या चर्चच्या कायद्यातलं कलम, म्हणजे कॅनन ८६९, स्पष्ट सांगतो की अशा माणसाला सशर्त (‘आधी झाला नसेल तर’ असं म्हणून दिलेला) बाप्तिस्मासुद्धा द्यायचा नाही. त्याला अपवाद एकच, चौकशी करूनही गंभीर शंका उरली तर. तशी वेळ आलीच, तर शंका का आहे ते त्या माणसाला समजावून सांगायचं आणि संस्कार चारचौघांत न करता खासगीत करायचा. जतकडचे धनगर चार बिऱ्हाडांची मेंढरं एका वाड्यात चारतात, पण दुसऱ्याच्या मेंढरावर आपला रंग मारलेला मी कधी पाहिला नाही. पुन्हा पाणी घालणं म्हणजे तेच.

कागद नाही म्हणजे बाप्तिस्मा झालेला नाही, असं धरून चालणं हाच सापळा आहे. तसं धरलं की अर्जही चुकतो. मुलगी बाप्तिस्मा झालेली असेल तर कॅनन ११२४ खाली महागुरूंकडे परवानगी मागायची. झालेली नसेल तर १०८६ खाली सूट मागायची आणि ती सूट नसेल तर लग्नच वैध होत नाही. अर्ज दोन, परिणाम दोन. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचं लग्न संस्कार ठरतं, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. चुकीचा अर्ज गेला तर तो पुण्याहून परत येतो आणि मुलीच्या बापाला तोंड तुम्हालाच दाखवावं लागतं.

मग करायचं काय? आधी पाळकांकडे जा. फोन करू नका, स्वतः जा. लोखंडी कपाटातून जुनी नोंदवही निघते, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तांबूस पडलेली, एका रकान्यात बाळाचं नाव आणि शेवटच्या रकान्यात पाळकाची सही. सापडली तर मिटलं. नाही सापडली तर कॅनन ८७६ वाचा. कोणाचं नुकसान होत नसेल तर संशयातीत असा एक साक्षीदारही पुरतो. माझ्या वेळी तो साक्षीदार म्हणजे मुलीची आजी. पाणी कसं घातलं म्हणून विचारलं, तर म्हातारीनं स्वयंपाकघरातून तांब्या आणला, डावा हात बाळ धरल्यासारखा वाकवला आणि तीनदा धार धरून पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणून दाखवलं. वर मलाच विचारलं, ‘तुमच्यात वेगळं असतंय व्हय?’ तिचा जबाब लिहून घेतला, सही घेतली, काम झालं.

स्वतंत्र प्रार्थना-मंडळांच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. काही ठिकाणी फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतात. तिथे शब्द नेमके काय उच्चारले ते विचारल्याशिवाय पेन उचलू नका.

लेखी वचन आपल्या बाजूच्या व्यक्तीकडूनच घ्यायचं असतं. आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा मनापासून प्रयत्न करीन, असं ते वचन. समोरच्याला त्याची कल्पना द्यायची, बस्स. तरीही कित्येक ठिकाणी सीएनआयच्या मुलीकडून सही घेतात. दोन घरांत पहिली काडी तिथेच पडते, आणि मग आपण जानेवारीत १८ ते २५ ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह साजरा करतो, व्यासपीठावर शाली देतो-घेतो. सप्ताहाला माझा विरोध नाही, जरूर करा. पण पाळक तुम्हाला जोखतो ते लग्नाच्या फाइलवरून.

दवाखान्याचं आता सांगतो, कारण मिरजेत असाल तर रात्री-अपरात्री फोन येणारच. वॉर्डात आपल्या पेशंटला आजाऱ्यांच्या संस्काराचं तेल लावून झालं की शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक म्हणतात, ‘फादर, आमच्यासाठी पण.’ प्रार्थनेला कुठलीच आडकाठी नाही, हात धरून करा, त्यांचं गाणं म्हणा. तेल आणि ख्रिस्तप्रसाद यांना मात्र कॅनन ८४४ च्या अटी आहेत: मरणाचा धोका, स्वतःचा पाळक मिळण्यासारखा नाही, माणसाने स्वतःहून मागितलेलं, त्या संस्काराबद्दल आपल्यासारखीच श्रद्धा आणि मनाची तयारी. पाळक दहा मिनिटांवर राहत असेल तर त्यालाच फोन लावा. पहिल्यांदा हे कठोर वाटतं. मलाही वाटलं. पण रात्री दोन वाजता तो पाळक स्कूटरवरून आला, तेव्हा त्या म्हातारबाबांचा चेहरा त्याला बघून जसा उजळला तसा माझ्याकडे बघून उजळला नव्हता.

मराठी प्रवचनाची काळजी करू नका. सेमिनरी इंग्रजीत झाली, जीभ अडखळते, ती दोन पावसाळ्यांत सुटते. नेटवरून इंग्रजी प्रवचन उचलून भाषांतर करणं मात्र सोडा. लोक काही बोलत नाहीत, चुळबुळतात फक्त. मार्गदर्शकाबद्दल म्हणाल तर माझं मत जरा कडू आहे. प्राध्यापकांपेक्षा बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या नीट ठेवणारा निवृत्त फादर शोधा, त्याच्याकडे चहाला जा. सगळं ‘करून टाक’ म्हणणाऱ्याकडे जेवायला जा हवं तर, सल्ल्याला नको.

शेवटचं काम असं की ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. कॅनन ५२९ पॅरिश प्रीस्टला घरोघर जायला, गरीब, एकटे आणि गाव सोडून आलेले शोधायला सांगतो. आपल्याकडे गाव सोडून आलेले म्हणजे ऊसतोड मजूर. बीड, जालना, नगरकडच्या टोळ्यांत एखाददुसरं कॅथलिक कुटुंब निघतं. ते रविवारी चर्चला येत नाहीत, कारण त्यांना रविवार नसतो. ‘ती नाशिक-औरंगाबादची माणसं, आपली नव्हेत’ असं ऐकवतील. कॅनन १०२ बघा: तीन महिने राहण्याच्या इराद्याने आलेला किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहिलेला माणूस तुमच्या पॅरिशचाही होतो. हंगाम त्याहून मोठा चालतो. दर रविवारी लोकांसाठी जी मिस्सा तुम्ही अर्पण करता, तीत तीही माणसं आली. टोळी कुठे उतरलीय ते चर्च कमिटीला ठाऊक नसतं, साखर कारखान्याच्या चिटबॉयला (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला) असतं. दिवाळीच्या आसपास कारखान्याच्या गट ऑफिसला जाऊन त्याची ओळख काढा. कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, जायचं ते अंधार पडल्यावर, कारण दिवसा सगळे उसाच्या फडात असतात. आणि आसपास सीएनआयची कुटुंबं निघाली तर त्यांची नावं पाळकाला कळवा.