टीएमसीपासून थेंबापर्यंत: पाण्याचा हिशेब कसा करावा

पावसाळ्यात धरणांचे आकडे टीएमसीत येतात आणि औषधाच्या बाटलीवर मात्रा असते मिलिलिटरमध्ये. या दोन टोकांमधला हिशेब एका दमात करायला गेलं की शून्यं हमखास निसटतात. म्हणून मध्ये लिटरवर मुक्काम करायचा. आधी मोठ्याचे लिटर, मग लिटरचे थेंब.

उदाहरणाला पुण्याचं खडकवासला घेऊ. उपयुक्त साठा १.९७ टीएमसी. थेंब किती?

पायरी १: एकक उलगडून लिहा. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष, अर्थात एक अब्ज घनफूट. एकावर नऊ शून्यं. सरकारी तक्त्यांत दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि दलघफू (दशलक्ष घनफूट) हेही भेटतात. शेवटचं एक अक्षर चुकीचं वाचलं, तर उत्तर ३५ पटींनी बदलतं. तक्त्याचं डोकं आधी वाचा, आकडे नंतर.

पायरी २: घनफुटाचे लिटर करा. सर्वाधिक चुका इथेच होतात. एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर, म्हणून एक घनफूट म्हणजे ३०.४८ घनसेंटिमीटर, असं मन पटकन म्हणतं. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही बदलतात, ३०.४८ ला ३०.४८ ने दोनदा गुणावं लागतं. उत्तर येतं सुमारे २८,३१७ घनसेंटिमीटर, म्हणजे २८.३१७ लिटर. मीटरचंही तसंच: मीटरमध्ये सेंटिमीटर १००, घनमीटरमध्ये घनसेंटिमीटर १० लाख, म्हणजेच १,००० लिटर. मुलांना हे नुसतं सांगून पटत नाही. १० सेंटिमीटर बाजूचा पुठ्ठ्याचा चौकोनी डबा करून हातात द्या. त्यात बरोबर एक लिटर मावतो, आणि १ सेंटिमीटरचे ठोकळे हजार. एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा विसरत नाहीत.

तर एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१.७ कोटी लिटर. खडकवासल्याचे झाले ५,५७८ कोटी.

पायरी ३: आता शून्यं लिहू नका, घात लिहा. ५,५७८ कोटी म्हणजे ५.५७८ गुणिले १० चा १० वा घात. लिटरचे मिलिलिटर करताना घातात ३ मिळवा: १३ वा घात. थेंब हे काही पक्कं एकक नाही; सलाइनच्या साध्या संचावर बहुधा एका मिलिलिटरला २० थेंब लिहिलेले असतात, सूक्ष्म थेंबांच्या संचावर ६०. आपण २० धरू. ५.५७८ गुणिले २० म्हणजे १११.५६, घात १३ च. सुटसुटीत लिहिलं तर १.१ गुणिले १० चा १५ वा घात, म्हणजे ११ कोटी कोटी थेंब. थेंबाचं मापच अंदाजाचं असताना उत्तरात सहा-सात अंक मिरवणं खोटं ठरेल, दोन पुरेत.

उलट दिशेने जाताना गुणाकाराच्या जागी भागाकार, मुक्काम तोच. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ घ्या. दिवसाचे ८६,४०० थेंब, २० ने भागले की ४,३२० मिलिलिटर, म्हणजे ४.३२ लिटर. वर्षाला सुमारे १,५७७ लिटर. २,८३१.७ कोटीला या १,५७७ ने भागा: असे १ कोटी ८० लाख नळ वर्षभर गळले, तर एक टीएमसी पाणी जातं.