शाहू स्टेडियमवरून फुटबॉलची बातमी

कोल्हापुरात फुटबॉलची बातमी वाचणाऱ्याने बहुतेक वेळा तो सामना गॅलरीत बसून पाहिलेला असतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ या तालीम-मंडळांच्या संघांची पोरं पेठेत तोंडपाठ असतात. गोल एकाचा आणि नाव दुसऱ्याचं छापलं, की सकाळी फोन सुरू होतात. म्हणून नव्या बातमीदाराने भाषा नंतर बघावी, आधी नावं.

सामन्याआधी अर्धा तास पोहोचा. संघाची यादी मिळवून ए-फोर कागदावर दोन्ही संघ मैदानात उभे राहतात तसे मांडा. क्रमांक ठळक, खाली पूर्ण नाव. एका संघात दोन पाटील सहज निघतात, तेव्हा नुसतं आडनाव चालत नाही. वॉर्मअप चालू असताना बुटांचा रंग, डावा पाय की उजवा, धावण्याची ढब टिपा. क्रमांक पाठीवर असतो. खेळाडू समोरून येताना याच खुणा कामाला येतात.

इंग्लंडचे फुटबॉल समालोचक जॉन मोट्सन १९६८ मध्ये बीबीसीत गेले आणि २०१८ मध्ये निवृत्त झाले. सुरुवात मात्र बार्नेटच्या स्थानिक साप्ताहिकात झाली होती. १९७२ मध्ये एफए कप या इंग्लंडच्या स्पर्धेत मुख्य लीगबाहेरच्या, दुबळ्या हेरफर्डने न्यूकॅसलला २-१ असं हरवलं, त्या सामन्याच्या समालोचनाने त्यांचं नाव झालं. दुबळ्या संघाच्या राखीव खेळाडूंचीही तयारी का करायची, ते यावरून कळावं.

सामन्याचा कालावधी आयोजकांना आधीच विचारा. स्थानिक स्पर्धेत पूर्वार्ध ४५ मिनिटांचाच असेल असं धरून चाललात, तर उत्तरार्धातल्या प्रत्येक गोलाचं मिनिट चुकतं. गर्दीत झालेला गोल कुणाच्या नावावर, हे पंचांच्या नोंदीवरून पक्कं करा. मध्यंतरात पूर्वार्धाचा मजकूर संपवा. इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, मात्र शेवटच्या शिट्टीनंतरच, कारण एका उशिराच्या गोलाने तो पूर्ण फिरतो. कचेरीतल्या संपादकीय डेस्कला पान छपाईला सोडायचं असतं, त्यामुळे आधी १५० शब्द पाठवा, भर नंतर घाला.

पैशाचं स्पष्ट सांगतो. सुरुवातीला बातमीमागे मिळणाऱ्या मानधनावर घर चालत नाही. नोव्ही कपाडिया दिल्लीत इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि देशातल्या फुटबॉलचे सर्वांत जाणते समालोचकही. दुसरी नोकरी असण्यात काही कमीपणा नाही.

टायब्रेकरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी फटक्यांत, प्रत्येक फटक्यापुढे तीनपैकी एक खूण करा: गोल, अडवला, बाहेर. अडवलेला फटका ‘चुकवला’ असा छापला, तर गोलरक्षकाचं श्रेय जातं, आणि त्याची तालीम ते वर्षभर विसरत नाही.