पाटेकाम शिकताय? तुटलेला पाटा लगेच भंगारात टाकू नका

ट्रकसारख्या गाडीखाली एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग (लीफ स्प्रिंग) असते. तिला कमान म्हणतात आणि तिच्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. पाटा कुठे तुटलाय ते बघितल्याशिवाय नवा मागवू नका. सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध ओवणारा बोल्ट) भोकातून तुटला असेल तर बहुतेक वेळा यू-बोल्ट (कमान अ‍ॅक्सलला बांधणारे U आकाराचे बोल्ट) सैल होते. अ‍ॅक्सलच्या बैठकीच्या कडेला, जिथे यू-बोल्टची पकड संपते तिथे तुटला असेल तर जादा माल किंवा झिजलेली बैठक. टोकाला बुशजवळ (पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यात बसणारी नळी) तुटला असेल तर पिन जाम आहे का, शॅकल (कमानीचं टोक चासीला जोडणारा हलता दुवा) मोकळं हलतंय का ते तपासा. कारण न काढता नवा पाटा चढवलात तर तोही तिथेच जाणार.

निवडताना नुसत्या गाडीच्या मॉडेलवर जाऊ नका, कारण एकाच मॉडेलला वेगवेगळे पाटे येतात. रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, पाट्यांची संख्या, बुशचा व्यास आणि बाक एवढं लिहून घ्या. जाडी व्हर्नियरने मोजा, तीही टोकाला घासलेल्या जागी नको. लांबी मोजताना सेंटर बोल्टपासून पुढच्या बुशपर्यंत आणि मागच्या बुशपर्यंत वेगवेगळी मोजा. बऱ्याच कमानींत ही दोन अंतरं सारखी नसतात, आणि उलटी बसवली की अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो.

'जरा जाड पाटा टाक, गाडी बसणार नाही' हा सल्ला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात मिळेल. ऐकू नका. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १२ मिमीच्या जागी १४ मिमी घातला तर तो एक पाटा जवळपास ५९ टक्के जास्त ताठ होतो. मग भार वाटून घ्यायचं गणितच बिघडतं. शिवाय पाटा वाढवल्याने गाडीची क्षमता वाढत नाही, कारण अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर आणि चासी तेच राहतात. पॅराबोलिक कमानीत साध्या कमानीचा पाटा मिसळायचा तर विचारही नको. पॅराबोलिक पाटे मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते असतात आणि फक्त मध्ये व टोकाला टेकतात.

आता यू-बोल्ट. नवशिका हमखास फसतो तो इथेच, म्हणून जरा लांबण लावतो. सेंटर बोल्टचं काम फक्त पाटे ओळीत ठेवणं आणि त्याचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात बसवणं. कमान धरून ठेवतात ते यू-बोल्ट. भोक पाडल्यामुळे पाटा तिथे आधीच कमजोर असतो. यू-बोल्ट घट्ट असले की तो मधला भाग वाकतच नाही आणि भोक वाचतं. पकड गेली की वाक थेट भोकावर येतो.

फसवणूक अशी, की टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरावर आवाज करणारा पाना) 'कट' वाजतो, पण पकड आलेलीच नसते. जुन्या, गंजलेल्या आट्यांत नट घासून अडतो. पाना तेवढाच जोर मोजतो आणि बोल्ट ताणला जातच नाही. बैठकीवर रंगाचा जाड थर असेल तर आज घट्ट वाटतं, चार दिवसांत रंग चेपतो आणि ताण उतरतो. म्हणून बैठक आणि पाट्यांच्या मधल्या जागा तारेच्या ब्रशने लख्ख करा. यू-बोल्ट, नट आणि वॉशर दर वेळी नवे घ्या. जुना यू-बोल्ट 'चालतो' म्हणणारा उस्ताद बाकी कितीही हुशार असो, या बाबतीत चुकतोय. आट्यांना तेल लावायचं की कोरडंच आवळायचं ते मॅन्युअलमध्ये बघा. त्यानुसार ताण बदलतो. एअर गनवर शेवटचा आवळा सोडू नका. चारही नट तिरपे, फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उतरवल्यावर द्या. पहिली भरलेली फेरी झाली की, साधारण ५०० ते १,००० किमीच्या आत, पुन्हा आवळा. ही पुन्हा आवळणी टाळली तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

खोलताना घाई जिवावर बेतते. चाकांना ओट लावा, चासीखाली पक्के स्टँड द्या, अ‍ॅक्सलला वेगळा जॅक. फक्त जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. कमान जड असते, चेनपुलीनेच उतरवा. सेंटर बोल्ट काढण्याआधी पाटे क्लॅम्पने दाबून धरा, नाहीतर ते झटक्यात उघडतात. गंजलेला यू-बोल्ट खुशाल ग्राइंडरने कापा, पण जी कमान परत वापरायची आहे तिला गॅसची ज्योत, वेल्डिंगचा थेंब किंवा वेल्डिंगची अर्थिंग लागू देऊ नका. पोलादाचं पाणी तिथे उतरतं आणि पुढे तिथूनच तडा जातो.

हे सगळं ऐकून दडपण घेऊ नका. हाताला सवय झाली की क्रम आपोआप लक्षात राहतो, आणि इथे ताकदीपेक्षा स्वच्छता जास्त कामाला येते.

पाटे शक्यतो दोन्ही बाजूंचे जोडीने बदला. एक बाजू ताजी आणि एक थकलेली असली की गाडी कलते. पुढच्या अ‍ॅक्सलवर पाचर असेल तर तिची जाड बाजू कुठे होती ते खोलण्याआधी खडूने लिहा. उलटी बसली की कॅस्टर (पुढच्या चाकांच्या स्टिअरिंग अक्षाचा पुढे-मागे कल) बदलतो आणि स्टिअरिंग भरकटतं. रबरी बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळा, नाहीतर रबर पीळ पडलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. ग्रीसच्या पिनला मात्र दोन्ही कडांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. रिबाउंड क्लिपा (पाटे एकत्र धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) विसरू नका; त्या नसतील तर उसळीचा सगळा भार मेन पाट्यावर पडतो.

शेवटी पुढच्या हँगरपासून (कमानीचं टोक धरणारा चासीवरचा ब्रॅकेट) अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. मागे भारानुसार ब्रेक बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्या. पुढच्या वेळी गाडी आली की यू-बोल्टपाशी बॅटरी मारून बघा: पाट्यांच्या सांध्यातून तांबूस गंजाची रेघ ओघळलेली किंवा घासून चकाकलेली जागा दिसली तर पकड सुटतेय, गाडी त्याच दिवशी थांबवा.