अर्धवट खोललेल्या जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत ठरवताना या चुका टाळा

बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे खोलून ठेवलेली एमजीबीसारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार खानदेशात क्वचितच विक्रीला निघते, आणि निघाली की घेणारा बहुधा मालकाच्या खर्चाच्या वहीवरूनच भाव धरतो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. आजवर किती खर्च झाला यापेक्षा अजून किती करावा लागेल, हे महत्त्वाचे असते. समजा, तशीच पूर्ण झालेली, चालती गाडी १५ लाखांना जाते आणि उरलेले काम ९ लाखांचे आहे, तर सहा लाख हा भाव वरवर योग्य वाटतो. परंतु खोललेल्या गाडीत लपलेला खर्च निघतोच, म्हणून मी उरलेल्या कामात चौथा हिस्सा वाढवून पावणेचार लाखांच्या आसपास थांबतो.

दुसरी चूक ताज्या रंगाला भुलण्याची. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबीला वेगळी चेसिस, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. तिची ताकद दरवाज्यांखालच्या सिलमध्ये, म्हणजे पत्र्याच्या लांब पोकळ पट्ट्यांमध्ये, असते. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक सिलवरून फिरवावे; जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असे समजावे. दरवाजा बंद करून मागच्या फटीकडेही नीट पाहावे. ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर बॉडी मधोमध खचली असण्याची शक्यता मोठी, आणि मग नवा रंगही खरवडावा लागतो.

“सगळे सामान खोक्यात आहे” या शब्दावर विसंबू नये. पार्ट्स कॅटलॉग हातात घेऊन प्रत्येक वस्तू मोजावी, कारण या गाडीचे बरेच सुटे भाग परदेशात आजही नवे मिळत असले, तरी वाहतूक आणि सीमाशुल्क धरता समोरच्या काचेची चौकट किंवा ओव्हरड्राइव्हसारखी (गिअरबॉक्सला जोडलेला जादा गिअरचा भाग) एखादीच वस्तू सगळा हिशेब बिघडवते. इंजिन जाम असल्यास ते संपूर्ण उघडावे लागेल असेच धरावे.

कागदपत्रे शेवटी पाहण्याची सवय मात्र घातक आहे. आरसीवरील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. त्यामुळे बॉडीच बदललेली असेल, तर ती नवी आहे म्हणून जादा पैसे मोजण्याआधी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या आरटीओ कार्यालयात विचारणा करावी. क्रमांक जुळत नसतील, तर सुट्या भागांच्या भावापलीकडे एक रुपयाही देऊ नये.