चिप भरायला बसण्याआधीची तयारी, नागपूरच्या हवेत

पहिल्यांदा मायक्रोकंटेनर भरणार असाल तर आधी हे वाचून घ्या. भरणं म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचं काम, पण त्याच्या तयारीत दोन दिवस जातात आणि आपल्या नागपुरात तर ती तयारी औषधापासून नाही, हवेपासून सुरू होते.

नवीन पोरांसाठी थोडक्यात सांगते. मायक्रोकंटेनर म्हणजे ३०० मायक्रॉनच्या (०.३ मिलिमीटर) आसपासची प्लास्टिकची इवलीशी वाटी, तळ आणि भिंती बंद, तोंड फक्त एका बाजूनं उघडं. त्यात औषध भरायचं, वरून पोटातल्या आम्लात न विरघळणारं झाकण द्यायचं, म्हणजे औषध पोटात वाया न जाता आतड्यात जाऊन सुटतं आणि तेही एकाच बाजूनं. डेन्मार्कच्या डीटीयूमध्ये, म्हणजे तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत, आन्या बोइसेन यांच्या ग्रुपनं यावर खूप काम केलंय. या वाट्या सुट्या नसतात, एका छोट्या चकतीवर, म्हणजे चिपवर, ओळीनं असतात; आपल्या चिपवर २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ वाट्या असतात.

तर हवा. लॅबमध्ये हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा) लावा, साधा चालतो, पण तो टेबलावर पाहिजे, दाराजवळ नको. मे महिन्यात बाहेर पारा ४५ ला टेकलेला असतो आणि हवा इतकी कोरडी की पावडरमध्ये स्टॅटिक चढतो, स्पॅट्युलाला चिकटते, ब्रशकडे उडते, चिपवर टाकलेली कणी वाटीत जायची सोडून बाजूला जाऊन बसते. मग कोणीतरी म्हणतं काहून एवढं घामाघूम होऊन राहिले, अन् कूलर चालू करून देतं. बाप्पा, हे करू नका! कूलर ओली हवा फेकतो आणि वारंही मारतो, दोन्ही आपल्याला नको. औषध अमॉर्फस (क्रिस्टल नसलेलं) करून पीव्हीपी नावाच्या पॉलिमरसोबत घेतलं असेल तर पीव्हीपी ती ओल ओढून घेतो, पावडरच्या गुठळ्या होतात, आणि औषध हळूहळू परत क्रिस्टल व्हायला लागतं म्हणजे आधीची सगळी मेहनत गेली. एसी लावा, त्याचा झोत टेबलावर येऊ देऊ नका, आणि आर्द्रता ३५ ते ४५ टक्के मिळाली की कामाला लागा. स्टॅटिकसाठी आयोनायझर (हवेत आयन सोडून स्टॅटिक घालवणारं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर चिपखाली अर्थ केलेली धातूची प्लेट ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उलटं, तेव्हा डीह्युमिडिफायर आदल्या रात्रीपासून चालू पाहिजे, सकाळी लावून उपयोग होत नाही.

चिप कशाची आहे तेही आधी बघा. एसयू-८ या कडक प्लास्टिकची असेल तर उष्णतेची काळजी नाही, पण पीसीएल हे दुसरं प्लास्टिक ६० अंशाला वितळतं. मी एकदा पीसीएलच्या चार चिपा गाडीच्या डिकीत ठेवून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एका कामाला थांबले, दुपारची दोनची वेळ, एप्रिल, अन् लॅबमध्ये येऊन बघते तर वाट्यांच्या कडा वाकलेल्या. तेव्हापासून चिपा थर्मास बॉक्समध्येच नेते, आणि सुकवायच्या असल्या तर ओव्हन नाही, व्हॅक्यूम डेसिकेटर (हवा काढून ओल सुकवणारं बंद भांडं).

पावडर आदल्या दिवशी तयार ठेवा. आम्ही फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) वापरतो, ते उजेडानं पिवळं पडतं, म्हणून ब्राऊन बाटली आणि वर फॉइल, आणि भरताना टेबलावरचा लाईटही मंद. २७० नंबरच्या चाळणीतून, म्हणजे ५३ मायक्रॉनमधून, काढून घ्या. वाटीचं तोंड आतून २२० मायक्रॉनचंच आहे हो, मोठा कण अडकला की खाली पोकळी राहते आणि वरून वाटी भरल्यासारखी दिसते.

आता वजन, इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. हिशोब करून बघा. २२० मायक्रॉन रुंद आणि २५० मायक्रॉन खोल वाटीत साधारण साडेनऊ नॅनोलिटर जागा. पावडर भुसभुशीत, घनता ०.४ धरली तर एका वाटीत जेमतेम ४ मायक्रोग्रॅम, आणि पूर्ण ६२५ मिळून अडीच मिलिग्रॅमच्या थोडं खाली. म्हणजे चार दशांशाच्या बॅलन्सवर (०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा) शेवटच्या आकड्यात एकचा फरक पडला तरी ४ टक्के चूक, आणि वजन दोनदा करायचं, रिकाम्याचं आणि भरलेल्याचं. पाच दशांशाचा बॅलन्स पाहिजेच, सहा मिळाला तर अजून चांगलं, आणि तो तासभर आधी चालू करून ठेवा, लाईट गेली असेल तर पुन्हा तासभर. रिकामी चिप आधी डेसिकेटरमध्ये रात्रभर, मग वजन तीनदा, तिन्ही आकडे वहीत, सरासरी नंतर. हाताने धरू नका, ग्लोव्ह्ज आणि प्लास्टिक टोकाचा चिमटा, बोटाच्या तेलकटपणाचंही वजन इथे दिसतं.

मास्क आणि ब्रश. मास्क म्हणजे तोंडावरचा नाही, वाट्यांच्या मधली जागा झाकणारी जाळी. वाट्यांच्या मधल्या जागेत पावडर राहिली तर ती झाकणाखाली येत नाही आणि औषध सुटण्याच्या टेस्टमध्ये पहिल्याच मिनिटाला विरघळून रिलीजचा आकडा फुगवते, म्हणून मास्क मायक्रोस्कोपखाली नीट बसवून बघा आणि जास्तीची पावडर झटकायला शून्य नंबरचा पेंटिंगचा ब्रश ठेवा, बर्डीत कुठल्याही स्टेशनरीत मिळतो. नवीन ब्रश आधी धुऊन वाळवून घ्या, त्याचे केस गळतात.

झाकणाचं द्रावणही त्याच दिवशी तयार पाहिजे. युड्राजिट एल १०० हे झाकणाचं पॉलिमर पीएच ६ च्या वर विरघळतं, आम्ही ते आयसोप्रोपेनॉलमध्ये घेतो, सोबत थोडा प्लॅस्टिसायझर (थर लवचिक ठेवणारा), नाहीतर झाकणाला तडे जातात. फवारताना पातळ-पातळ थर, मधे सुकू द्या, कारण ओलं राहिलं की सॉल्व्हंट खालचं औषधच वर ओढून आणतो. एक्झॉस्ट चालू, जवळ हीटर किंवा गॅस नको.

टेस्टसाठी ०.१ नॉर्मल एचसीएल (पोटासारखं आम्ल) आणि पीएच ६.८ चा बफर (आतड्यासारखा) आधी करून ठेवा, दोन तास आम्लात आणि मग बफरमध्ये. आणि हे ध्यानात ठेवा की फ्युरोसेमाइड आम्लात फार कमी विरघळतं, त्यामुळे १० एमएलच्या छोट्या भांड्यात झाकण गळत असलं तरी आकडा छोटाच येतो आणि आपण खुश होतो. मीही झाले होते, महिनाभर! म्हणून झाकण न दिलेली एक भरलेली चिप नेहमी सोबत चालवा, दोघींचा आकडा आम्लात सारखाच आला तर समजून जा की झाकणाबद्दल काहीच कळलं नाही, ते आम्लात चांगल्या विरघळणाऱ्या रंगानं वेगळं तपासा.

ज्यांच्याकडे सुपरक्रिटिकल सीओटूनं औषध पॉलिमरमध्ये उतरवायची सोय आहे त्यांनी सिलिंडर सावलीत ठेवा. सीओटूचा क्रिटिकल पॉइंट, म्हणजे ज्याच्या वर द्रव आणि वायू असा फरकच राहत नाही, ३१ अंश आणि ७४ बारच्या जवळपास, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात तो सिलिंडरमध्येच ओलांडला जातो आणि प्रेशर चढत राहतं.

चिपा, पावडर, मास्क सगळं एका ट्रेमध्ये, ट्रे डेसिकेटरमध्ये, सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ओल भरून गुलाबी झालं असेल तर आदल्या संध्याकाळीच बदलून टाका. आणि मे महिन्यात सकाळी सात वाजता या, कारण दुपारनंतर आमच्या लॅबची पश्चिमेची भिंत तापायला लागते अन् हायग्रोमीटरचा काटा परत खाली जातो.